कॉलच्या आधीचा चहा

आमच्या ऑफिसच्या जिन्याखाली चहाचा गाडा आहे. दुपारी बाराच्या सुमाराला आमची टीम तिथं उतरायची आणि साडेबाराच्या कॉलवर कोणी काय बोलायचं, ते चहा पिता पिता ठरायचं. ही पद्धत मी सुरू केली. ती काही वर्षं सुरळीत चालली, आणि तिच्यामुळं आमच्यातल्या एका बाईची नोकरी जायची वेळ आली.

माझं काम सॉफ्टवेअरची टीम चालवण्याचं. टीम म्हणजे सगळे एका छताखाली, असं आता फारसं राहिलेलं नाही. आम्ही राजारामपुरीत, आमचा मॅनेजर पुण्यात आणि ज्यांच्यासाठी काम करतो ते नेदरलँड्समध्ये. त्यांचा धंदा फुलांच्या वाहतुकीचा. गोदामाच्या कोणत्या दाराला ट्रक लावायचा, हे ड्रायव्हरला फोनवर दाखवणारं ॲप आम्ही बनवतो. काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत चालतं. सुरुवातीला काय करायचं ते ठरतं, शेवटी केलेलं दाखवायचं, आणि मग सगळ्यांनी बसून काय जमलं, काय चुकलं ते मोकळेपणानं बोलायचं. त्या बैठकीला रेट्रो म्हणतात. मधल्या काळात रोज एक छोटा कॉल. प्रत्येकानं तीनच गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, आणि कुठं अडलंय.

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. हे मी आज कुणापुढंही ठामपणे सांगू शकतो. कुठं अडलंय याचं खरं उत्तर रोज मिळत असेल, तर समुद्रापलीकडची माणसं एका घरातल्यासारखी काम करतात. ते मिळत नसेल, तर शेजारच्या खुर्चीवरचा माणूसही परका होतो. आणि मी नेमकं तेच उत्तर रोज गाड्यावर ठेवून वर यायचो.

त्यामागं माझा हेतू वाईट नव्हता. सुरुवातीच्या दिवसांत आमच्यातल्या एकानं कॉलवर सरळ सांगून टाकलं होतं, की काल माझ्या हातून चाचणीचा सगळा डेटा उडाला. नेदरलँड्सहून कॉलवर असणाऱ्या बाईंनी साधाच प्रश्न विचारला, कसा काय? कामाची सूत्रं त्यांच्याकडं होती, विचारणं त्यांचं कामच होतं. पण या गड्याचं इंग्रजी आटलं, आणि सगळे आपापल्या चौकोनातून त्याच्याकडं बघत राहिले. त्या दिवशी त्यानं डबा उघडला नाही. मला ते बघवलं नाही.

मी पेठेत वाढलो. आमच्या तालमीत एक शिस्त होती. मैदानाला निघताना कुणाचा खांदा दुखतोय, कुणाच्या अंगात ताप आहे, ते बाहेर कळू द्यायचं नाही. जे काय असेल ते तालमीत बोला, वस्ताद बघून घेतील. बाहेर सगळे तगडे. मी कुस्ती फार केली नाही, पण ही शिस्त मात्र अंगात मुरली. दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांना कॉलच्या आधी खाली न्यायला लागलो आणि कुणी न नेमता वस्ताद झालो.

गाड्यावरची बोलणी अशी चालायची. माझ्याच वयाचा एक डेव्हलपर आहे, टीममध्ये सगळ्यात जुना, जिभेनं तिखट. त्याला मी विचारायचो,

"ते दार बदलायचं झालं का?"

"झाल्यात जमा हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे सांजच्यापातूर होतंय की, भावा. तवर त्यांचं ड्रायव्हर जेवून उठत न्हाईत."

"मग झालं म्हण."

आणि बहुतेक वेळा ते संध्याकाळपर्यंत खरंच व्हायचं. कुणी अडला असेल तर तिथंच दुसरा म्हणायचा, "आण माझ्याकडं, बघूया." एकमेकांचं काम आम्ही न सांगता उचलायचो. गाड्यावर माया होती, हे मी आजही नाकारणार नाही. पण ती माया जिना चढून कॉलपर्यंत कधी यायची नाही. तिकडच्या बाईंना रोज फक्त 'झालं, झालं, झालं' ऐकू जायचं.

आमची टेस्टरही त्या घोळक्यात असायची. आम्ही बनवलेलं वापरून बघायचं आणि कुठं मोडतंय ते सांगायचं, हे तिचं काम. तिच्या नवऱ्याला गारगोटीच्या शाळेत नोकरी लागली, मुलगी लहान, सासूचे गुडघे गेलेले. तिनं विचारलं, मी गारगोटीतनं काम केलं तर चालेल का? मी पुण्याला शब्द टाकला. मॅनेजर म्हणाले, "ठीक आहे, पण तुमच्या जबाबदारीवर." मला स्वतःचं कौतुक वाटलं.

ती गारगोटीला गेली आणि आठवड्याभरातच कॉलवर वेगळा सूर लागायला लागला. आमच्या जुन्या डेव्हलपरनं सांगितलं, "दार बदललं की ड्रायव्हरच्या फोनवर नवा नंबर दिसतो. झालं." मग तिची पाळी आली. ती म्हणाली, "माझ्याकडे जुनाच नंबर दिसतोय. झालेलं नाही."

खरं तर ते झालेलं नव्हतंच. संध्याकाळपर्यंत होणार होतं. गाड्यावर तसं ठरलं होतं, पण ती गाड्यावर नव्हती. तिच्यासमोर जे होतं ते तिनं तपासलं आणि दिसलं ते सांगितलं. आता सगळ्यांसमोर आमचा गडी खोटा पडत होता. तो पटकन म्हणाला, "गारगोटीत नेट जरा कमी असतं. तिला जुनंच दिसत असणार."

तिकडच्या बाई म्हणाल्या, "अच्छा. मग तिला चांगलं इंटरनेट मिळेल असं काही करता येईल का?"

हा प्रश्न मला होता. मी म्हणालो, "बघतो."

एक शब्द. त्या एका शब्दानं मी त्याला वाचवलं आणि तिला बुडवलं. त्या क्षणी मला त्यातलं फक्त पहिलं दिसलं.

मग ती सवयच झाली. तिनं 'झालेलं नाही' म्हटलं की कुणीतरी गारगोटीच्या नेटवर ढकलायचं. कुणाचा डबा उशिरा आला तरी ऑफिसात पोरं म्हणायची, "गारगोटीवरनं येतोय वाटतं." मीही हसायचो. संध्याकाळी ते काम पुरं झालं, की दुसऱ्या दिवशी तिच्याकडंही ते चालायचं, आणि मग सगळ्यांना वाटायचं, बघा, नेट सुधारलं. जे संध्याकाळीही पुरं व्हायचं नाही, ते कामाच्या ऑनलाइन बोर्डावर तसंच 'झालं'च्या रकान्यात पडून राहायचं. दार बदलायचं काम त्यातलंच. कधी चालायचं, कधी नाही.

दोनेक महिन्यांनी पुण्याहून फोन आला. मॅनेजर म्हणाले, "त्या लांबून काम करण्याचं काही जमत नाहीये. टेस्टिंग सगळ्यांच्या मागं पडतंय, क्लायंटलाही दिसतंय. पुढच्या महिन्यापासून त्यांना रोज ऑफिसला बोलवा. नाही जमलं तर आपण दुसरं कुणी बघू. गुरुवारी रेट्रो आहे, त्यानंतर मी मेल टाकतो. तुमचं काही म्हणणं असेल तर तोपर्यंत सांगा."

गारगोटीहून रोज येऊन-जाऊन करायचं म्हणजे सकाळी पोरगी झोपेत आणि रात्रीही झोपेत. ती नोकरी सोडणार हे मला त्याच वेळी कळलं. मी तिला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, माझं नेट एकदा बघायला तर या की."

रविवारी मी गाडी काढली आणि गेलो.

घरात सासूबाई सोप्यात पाय लांब करून शेंगा फोडत बसल्या होत्या. "या पावणं, बसा," म्हणाल्या आणि मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. टेस्टरनं तिचं टेबल दाखवलं. खिडकीपाशी लॅपटॉप, आणि पोरीचा हात पोचू नये म्हणून नेटचा डबा, म्हणजे राउटर, भिंतीवर उंच खिळ्याला बांधलेला. तिनं कॉल लावून दाखवला, व्हिडिओ सुरू करून दाखवला. कुठं अडखळणं नाही. त्या दिवसांत आमच्या ऑफिसचं नेटच जास्त जायचं.

"नेटवाल्याला मी दोनदा बोलावलंतं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा तो चिडला. म्हणाला, ताई, काय बी खराब न्हाय, तुमच्या डोक्यात कोण घालतंय?"

आम्ही घालत होतो. मी खाली बघितलं.

तेवढ्यात सोप्यातून सासूबाई बोलल्या, "साहेब, एक इचारू का? रोज ऐकतोय मी. हिच्या त्या कंप्युटरच्या डब्यात एकेक जण येतंय, डन म्हंतंय, जातंय. दुसरा येतोय, डन. तिसरा, डन. आणि आमचीच एकटी न्हाय, न्हाय, न्हाय. मी ल्योकाला म्हटलं, बायकूला जमंना झालंय रं तुझ्या. काढत्यात बघ आता."

त्या हसत बोलत होत्या, पण त्यात खोटं काही नव्हतं. टेस्टर भिंतीकडं बघत होती. एखादं कारण अंगावर ढकललं की ते ऑफिसात संपतं, अशी माझी समजूत होती. ते इथं, या घरात, दोन महिने रोज जेवणाच्या वेळी ऐकलं जात होतं.

निघताना ती गाडीपर्यंत आली. मी म्हणालो, "तुला ठाऊकच आहे, आम्ही खाली चहाला—"

"म्हाईत हाय की. दोन वर्षं मी बी व्हतो तिथं." आमच्या भागात बायकाही 'मी होतो, गेलतो' असंच बोलतात. "तेव्हा मी बी डनच म्हणत होतो."

"मग आता नाही म्हणायचं कसं काय सुचलं?"

"सुचलं कशाचं, सर? आता मला आधी कोण सांगतच न्हाय काय म्हणायचं ते."

मला हसू आलं. ती मात्र हसत नव्हती. म्हणाली, "सर, मी काय हरिश्चंद्र न्हाय. चहाच्या वेळेला मला फोनवर घेत चला. ठरलं की मी बी डन म्हणतो. पुण्याचे साहेब खूश, तिकडच्या मॅडम खूश. माझी नोकरी ऱ्हाईल."

उत्तर इतकं सोपं होतं. गाड्यावर एक फोन उभा करून ठेवायचा, एवढंच. मी म्हणालो, "बघतो." आणि तो शब्द माझ्याच तोंडून ऐकून मी तसाच गाडीत बसलो.

परतीच्या वाटेवर मुदाळ तिट्ट्यापर्यंत मला तो उपाय पटलेला होता. कुणाचं काही बिघडत नव्हतं. तिट्ट्यावर गाडी बाजूला घेतली, पाणी प्यायलो, आणि मग डोक्यात ट्रक आले. पुढच्या सोमवारपासून तिकडं सगळ्या ड्रायव्हरांच्या हातात आमचं ॲप जाणार होतं. दार ऐनवेळी बदललं आणि फोनवर जुनंच दिसलं, तर फुलांनी भरलेला ट्रक चुकीच्या दारावर उभा राहणार होता. हे होऊ शकतं, एवढी एकच खरी बातमी त्या बाईंपर्यंत पोचत होती, आणि ती गारगोटीहून पोचत होती. तिलाही गाड्यावर घेतलं की ती वाटही बंद. तिची नोकरी वाचवायला मी तिचं कामच काढून घेणार होतो.

घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं. कुणाला सांगायचं नाही, हेही ठरलं. आधी टीमला विश्वासात घेतलं असतं, तर पुन्हा कॉलच्या आधीचा चहाच झाला असता.

गुरुवारी बाराला जुना डेव्हलपर माझ्या टेबलापाशी आला. "चल की. आज काय बोलायचं?"

"काही ठरलेलं नाही. मी येत नाही आज."

"वस्ताद रुसला काय रं?" तो इतरांना म्हणाला. ते सगळे खाली गेले आणि नेहमीपेक्षा लवकर वर आले. काय ठरवायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

साडेबाराला रेट्रो सुरू झाली. तिकडच्या बाईंसोबत मॅनेजरही होते. काय चुकलं, असा प्रश्न आला तेव्हा मी पहिला बोललो. म्हणालो, आम्ही रोजचा कॉल दोनदा करतो. पहिला खाली, खरा. दुसरा तुमच्यासाठी. जे संध्याकाळी होणार असतं ते आम्ही दुपारी झालं म्हणतो. आमची टेस्टर पहिल्या कॉलला नसते, म्हणून ती दुसऱ्या कॉलला खरं सांगते. तिचं इंटरनेट उत्तम आहे, मी घरी जाऊन बघून आलोय. ते खराब आहे असं इथं बोललं गेलं तेव्हा मला ते खोटं आहे हे माहीत होतं, आणि मी 'बघतो' म्हणालो. ही पद्धत माझी आहे, टीमची नाही.

इतके दिवस जे ओझं होतं, त्याच्या मानानं हे बोलणं हलकं निघालं.

तिकडच्या बाईंनी ओरडाआरडा केला नाही. त्यांनी कामाचा बोर्ड पडद्यावर उघडला आणि 'झालं'च्या रकान्यातल्या एकेका कामाच्या कार्डावर माउस नेऊन विचारायला सुरुवात केली. हे झालंय? पहिलं कार्ड जुन्या डेव्हलपरचं होतं, दार बदलायचं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग कॅमेऱ्याकडं, आणि म्हणाला, "नाही." लगेच माईक बंद करून मला मराठीत म्हणाला, "मारलंस की लेका, न सांगता." पण पुढच्याला ते सोपं गेलं. त्याच्या पुढच्याला त्याहून सोपं. कार्डं एकामागून एक उलट्या दिशेनं सरकत गेली.

शेवटी बाई म्हणाल्या, "मी माझ्या माणसांना सोमवार सांगितला आहे. आता मला तो मागं घ्यावा लागेल. मला हे अजिबात आवडलेलं नाही." मग त्या टेस्टरला म्हणाल्या, "तू मला दोन महिने सांगत होतीस आणि मी तुला इंटरनेट बदलायला सांगत होते. सॉरी."

टेस्टरनं मान हलवली आणि म्हणाली, "ठीक आहे. अजून एक आहे. ट्रक रद्द केला तरी त्याचं दार मोकळं होत नाही. ते यादीत कुणी घेतलेलंच नाही." बाईंनी डोक्याला हात लावला, आणि मग हसल्या.

मॅनेजरांचा फोन लगेचच आला. "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. क्लायंटसमोर माझं काय दिसलं?"

"आधी सांगितलं असतं, तर ते पुन्हा आपल्यातच राहिलं असतं."

"हुशारीची उत्तरं आत्ता नकोत मला," ते म्हणाले, आणि ते बरोबर होतं. मग म्हणाले, "त्यांना ऑफिसला बोलवायचा विषय मिटला. गारगोटीतच राहू देत. पण बोर्डावर 'झालं' हा शेवटचा रकाना फक्त त्याच भरतील. तुम्हीसुद्धा नाही."

ही शिक्षा होती की व्यवस्था, हे मी विचारलं नाही. आज कुणी नवी टीम उभी करत असेल तर मी त्याला हीच व्यवस्था सांगतो. ज्यानं काम केलं त्यानं झालं म्हणायचं नाही. ज्यानं तपासलं त्यानं म्हणायचं. आणि एकजण जरी लांब असेल, तर एका खोलीतल्यांनीही आपापल्या टेबलावरून, आपापल्या हेडफोनवर कॉल घ्यायचा. म्हणजे सगळेच सारखे लांब आणि सारखे जवळ. तालमीतली शिस्त तालमीत ठीक असेल. मैदानात समोर प्रतिस्पर्धी असतो. आमच्या समोर ज्या बाई होत्या त्या प्रतिस्पर्धी नव्हत्या, हे ओळखायला मला उशीर लागला.

नव्या व्यवस्थेच्या पहिल्याच आठवड्यात मी टेस्टरला वेगळा फोन केला. माफी मागायची होती. कॉलवर सगळ्यांसमोर मी कबुली दिली होती, पण कबुली म्हणजे माफी नव्हे. मी बरंच बोललो. घरात तिला जे ऐकावं लागलं, नेटवाल्यासमोर जी लाज गेली, पोरीला सोडून नोकरीला येण्याची जी भीती तिनं त्या दिवसांत घेतली, ते सगळं माझ्यामुळं झालं, असं सांगितलं. तिनं मधे अडवलं नाही.

मग म्हणाली, "व्हय, सर. लई वाईट वाटलंतं. अजून वाटतंय."

मी पुन्हा माफी मागितली.

"कळलं ते," ती म्हणाली. "पण रद्द झालेल्या ट्रकांचं जे तुम्ही स्वतः केलंय न्हवं, ते मी सकाळीच परत पाठवलंय. बघितलंत का?"

मी बघितलं नव्हतं. फोन चालू ठेवूनच बोर्ड उघडला. माझं कार्ड मागच्या रकान्यात येऊन पडलं होतं, आणि खाली तिनं लिहिलं होतं, की दोन ट्रक एकदम रद्द केले तर एकच दार मोकळं होतं. ती फोनवर असतानाच मी करून बघितलं. खरंच एकच झालं.

"तुझं बरोबर आहे," मी म्हणालो.

"मग करा आणि द्या परत," ती म्हणाली. "मी हाय इथंच."